षट्कर्णी

मराठीत ‘षट्कर्णी होणे’ असा एक जुना वाक्प्रचार आहे. दोघांच्या चार कानांत राहिलेली मसलत सुरक्षित असते. तिसऱ्या माणसाचे दोन कान तिला लागले, की ती फुटते, असा त्याचा आशय. ज्या समाजाने दीर्घकाळ राज्ये चालविली, मोहिमा आखल्या आणि तहनामे केले, त्याच्या भाषेत हा वाक्प्रचार रुळावा हे स्वाभाविकच होय. पेशवाईत जासूद पत्रे घेऊन धावत. ती वाटेत परक्याच्या हाती पडण्याचे भय सदैव असे. आणि नाना फडणीसांच्या बातमीदारांचा दरारा तर दूरदूरच्या दरबारांतून होता. तेव्हा तिसरा कान ही काही यंत्रयुगाची निर्मिती नव्हे. यंत्रयुगाने केले ते इतकेच, की त्या कानाला भिंतीआड उभे राहण्याची गरज उरू दिली नाही.

राज्यसंस्थेने प्रजेचे बोलणे ऐकावे की ऐकू नये, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. मुळीच ऐकू नये असे म्हणणारा मनुष्य एखाद्या भीषण रात्री आपले मत बदलतो. आणि हवे तेव्हा ऐकावे असे म्हणणारा, स्वतःचेच बोलणे ऐकले जात आहे असे कळताच, न्यायालयाची पायरी चढतो. या दोन्ही गोष्टी आपल्या देशात अलीकडे घडून गेल्या आहेत. एक मुंबईत घडली, दुसरी रायपुरात. त्यांचा अर्थ नीट लागावयाचा, तर तारेपासून इंटरनेटवरील संभाषणापर्यंतचा सुमारे पावणेदोन शतकांचा मार्ग एकदा चालून पाहिला पाहिजे.

रायपूर हे आज छत्तीसगडची राजधानी असले, तरी मराठी माणसाला ते परके नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, डलहौसीने १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले आणि त्याबरोबर रायपूरही कंपनी सरकारकडे गेले. योगायोग असा, की तारयंत्राविषयीचा भारतातील पहिला कायदाही त्याच १८५४ सालचा. १८५५ च्या फेब्रुवारीत तारेची सोय सामान्य जनतेला खुली झाली आणि पुढे दोनच वर्षांत सत्तावन्नचा उठाव झाला. तार ज्याच्या हाती त्याच्या हाती बातमी, आणि बातमी ज्याच्या हाती त्याच्या हाती राज्य, हा धडा इंग्रजांनी त्या उठावातून घेतला.

त्या धड्याचे पक्व फळ म्हणजे १८८५ चा भारतीय तार अधिनियम. त्याचे पाचवे कलम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असता, अथवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक असता, सरकारने कोणाचीही तार अडवावी, रोखावी किंवा उघड करून घ्यावी, असा अधिकार या कलमाने दिला. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे दूरध्वनीची केंद्रे १८८२ च्या जानेवारीतच सुरू झाली होती. दूरध्वनी ही तारेचीच धाकटी बहीण मानली गेली आणि तिलाही तेच कलम लागू झाले. याच अधिनियमाने दुसरी बाजूही सांभाळली होती. संदेश चोरून जाणण्यासाठी तारयंत्रात ढवळाढवळ करणाऱ्यास आणि संदेश अवैधपणे उघड करणाऱ्या तार-कर्मचाऱ्यास त्यात शिक्षा सांगितली होती. म्हणजे सरकारला ऐकण्याची मुभा होती. सरकारी नोकराला स्वतःच्या हौसेने ऐकण्याची नव्हती.

हे दुसरे बंधन कागदावरचे नव्हते, याचे कारण त्या काळच्या यंत्ररचनेत आहे. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूरहून चाले, आणि रायपुरातील मराठी कुटुंबांची सोयरीकही बहुधा नागपूर-वर्ध्याकडची. अशा एखाद्या कुटुंबाला नागपूरच्या आप्तांशी बोलावयाचे झाले, तर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. दोन्ही ठिकाणचे ऑपरेटर तारा जोडून देत तेव्हा बोलणे सुरू होई. तिसरा कान तेथे होताच. पण तो कोणाचा हे ठाऊक होते. तो पगारी नोकर होता, त्याच्यावर वरिष्ठ होते, आणि पोलिसांना त्याच्या आसनाशी पोहोचावयाचे तर लेखी हुकूम दाखवावा लागे. बोलणाऱ्या दोघांच्या मधोमध एक कचेरी होती. ऐकण्यावरचे पुढचे सगळे कायदे या कचेरीच्या आधाराने उभे राहिले, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

दुसऱ्या देशांतही प्रारंभी हीच समजूत होती, की तार म्हणजे एक वस्तू आणि तिच्याशी छेडछाड म्हणजे वस्तूशी छेडछाड. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात सिएटल शहरी रॉय ओल्मस्टेड नावाचा एक माजी पोलीस अधिकारी चोरट्या दारूचा मोठा व्यापार करी. अधिकाऱ्यांनी त्याच्या घरात पाऊल न टाकता बाहेरच्या तारांना जोड देऊन महिनोन् महिने त्याचे बोलणे टिपले. १९२८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की घरात शिरकाव झाला नाही, तेव्हा झडतीही झाली नाही. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी मात्र आपल्या विरोधी मतात बजावले, की विज्ञान येथेच थांबणार नाही. पुढे १९६७ साली, सार्वजनिक दूरध्वनी-कक्षातून बोलणाऱ्या एका सट्टेबाजाच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने आपला जुना विचार सोडला आणि संरक्षण जागेला नसून माणसाला आहे असे ठरविले.

आपल्याकडे हा प्रश्न प्रथम ठळकपणे उभा राहिला तो मुंबईत. १९६४ साली मुंबईचे तत्कालीन कॉरोनर डॉ. मलकानी यांनी, एका रुग्णाच्या मृत्यूच्या चौकशीत अनुकूल भूमिका घेण्यासाठी, संबंधित डॉक्टराकडे लाच मागितली, असा आरोप होता. मध्यस्थी करणाऱ्या डॉक्टराच्या संमतीने पोलिसांनी त्याच्या घरच्या दूरध्वनीला ध्वनिमुद्रण यंत्र जोडले आणि कॉरोनरचे बोलणे फितीवर घेतले. ही फीत पुरावा म्हणून चालावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ च्या सप्टेंबरात निकाल लागला, की बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती असल्याने तार अधिनियमाचा भंग झाला नाही आणि फीत ग्राह्य आहे. निरपराध नागरिकाच्या दूरध्वनीवरील बोलण्याला न्यायालय संरक्षण देईल, अपराध्याला देणार नाही, असाही विचार त्या निकालात आला.

हा विचार ऐकताना समाधानकारक वाटतो. पण त्यात एक गाठ आहे. कोण निरपराध आणि कोण अपराधी, हे ऐकल्यानंतर ठरणार. परवानगी मात्र ऐकण्यापूर्वी द्यावयाची. तेव्हा संरक्षण जर खरोखर हवे असेल, तर ते माणसाच्या गुणदोषांवर नव्हे, ऐकण्याच्या रीतीवर अवलंबून ठेवले पाहिजे. हुकूम कोणी दिला, कोणत्या कारणासाठी दिला, किती दिवसांसाठी दिला आणि तो नंतर कोणी तपासला, हे चार प्रश्न तेथूनच उत्पन्न होतात.

त्यांची उत्तरे मिळण्यास फार काळ लागला. १९८८ साली कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना दूरध्वनी-टॅपिंगच्या वादळात पद सोडावे लागले. पुढे राजकीय नेत्यांचे दूरध्वनी ऐकले जात असल्याचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल बाहेर आला आणि त्यावरून ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंह आणि सगीर अहमद यांनी निकाल दिला. दूरध्वनीवरचे खाजगी बोलणे हा खाजगी जीवनाचा भाग आहे. ते ऐकण्याचा हुकूम केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवानेच द्यावा. तो दोन महिन्यांपुरताच असावा आणि वाढविला तरी एकूण सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये. प्रत्येक हुकूम वरिष्ठ सचिवांच्या समितीने तपासावा. आणि गरज संपताच नकला नष्ट कराव्यात. १८८५ च्या कलमाला कार्यपद्धतीचे कुंपण पडण्यास तब्बल १११ वर्षे लागली, आणि ते कुंपणही सरकारने नव्हे, न्यायालयाने घातले. सरकारी नियमांत ते पक्केपणे उतरले २००७ साली.

परंतु कुंपण पडत असतानाच शेताची भूमी सरकू लागली होती. इंटरनेटवरून बोलण्याची विद्या याच सुमारास प्रौढ झाली. जुन्या दूरध्वनीत आवाजाची विद्युत्-लहर एका ठराविक तारेतून अखंड वाहत जाई. त्या तारेला कोठेही जोड दिला की ऐकू येई. इंटरनेटवर बोललेला शब्द अंकांत बदलतो, त्या अंकांच्या लहान लहान पुड्या बांधल्या जातात, आणि प्रत्येक पुडी तिला मोकळ्या सापडेल त्या वाटेने निघते. पलीकडे पोहोचल्यावर त्या क्रमाने लावून पुन्हा आवाज केला जातो. बोलणारा कोठे बसला आहे हे त्याच्या क्रमांकावरून कळेलच असे नाही. कारण व्हिएन्नाचा क्रमांक कराचीत बसून वापरता येतो. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट-दूरध्वनीला मर्यादित परवानगी मिळाली. रायपूर-नागपूरमधली ती कचेरी आता नाहीशी होऊ लागली.

अमेरिकन पोलिसांना ही अडचण आधी जाणवली. तेथे १९९४ च्या एका कायद्याने दूरध्वनी-कंपन्यांवर असे बंधन घातले होते, की न्यायालयाचा हुकूम आल्यास ऐकता येईल अशा रीतीनेच यंत्रे उभारावीत. २००५ साली तेथील संघराज्य दळणवळण आयोगाने हे बंधन, सामान्य दूरध्वनी-जाळ्याशी जोडलेल्या इंटरनेट-दूरध्वनीसही लागू केले आणि १४ मे २००७ ही मुदत दिली. विद्यापीठे आणि नागरी स्वातंत्र्याच्या संस्था यांनी त्यास आव्हान दिले. माहितीची देवघेव या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली होती, आणि पोलिसांसाठी मुद्दाम ठेवलेल्या दारातून चोरही आत येतील, असे त्यांचे म्हणणे होते. २००६ च्या जूनमध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने आयोगाचा आदेश कायम केला. मात्र एका संगणकावरून थेट दुसऱ्या संगणकावर होणारे, जुन्या जाळ्याला न शिवणारे बोलणे त्या आदेशाबाहेरच राहिले.

महाराष्ट्रात याच काळात दुसरा एक वाद चालू होता. संघटित गुन्हेगारीच्या नियंत्रणासाठी १९९९ साली झालेल्या महाराष्ट्राच्या कायद्यात, ज्याला सर्वजण ‘मोक्का’ या नावाने ओळखतात, पोलिसांना संभाषण टिपण्याचे विशेष अधिकार होते. तार हा केंद्राचा विषय असल्याने ही कलमे राज्याच्या अधिकाराबाहेरची आहेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली दिला. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २००८ रोजी तो फिरविला आणि कलमे वैध ठरविली. त्या निकालाला तीन महिनेही उलटले नव्हते, तोच २६ नोव्हेंबरची रात्र आली.

त्या रात्रीचा संपूर्ण वृत्तांत येथे सांगण्याचे कारण नाही. तो प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे त्याच रात्री कामा रुग्णालयाजवळ धारातीर्थी पडले. मध्यरात्र उलटल्यावर त्याच पथकाच्या तांत्रिक शाखेला, हल्लेखोर वापरीत असलेल्या एका मोबाइलचा क्रमांक मिळाला. पोलीस निरीक्षक निवृत्ती कदम आणि त्यांचे सहकारी यांनी तो ऐकण्यास आरंभ केला, आणि त्या क्रमांकावरून इतर क्रमांक हाती येत गेले. सरकारी नोंदीप्रमाणे ताजमहाल हॉटेलातील हल्लेखोरांचे ४१, ओबेरॉयमधील हल्लेखोरांचे ६२ आणि नरीमन हाउसमधील हल्लेखोरांचे १८१ असे २८४ कॉल झाले. त्यांची एकूण लांबी सुमारे ९९५ मिनिटे, म्हणजे साडेसोळा तासांहून अधिक होती.

हे ऐकणे शक्य झाले, ते एका कारणाने. सूत्रधार इंटरनेटवरून बोलत होते, पण हल्लेखोरांच्या हाती साधे मोबाइल होते. पुड्यांच्या वाटेने आलेला आवाज अखेरच्या टप्प्यात भारतीय कंपनीच्या जाळ्यात उतरत होता. तेथे कचेरी होती, आणि कचेरीत पोलिसांना प्रवेश होता. दुसरे टोक मात्र धुक्यात होते. दिसणारा क्रमांक ऑस्ट्रिया देशाचा. तो क्रमांक अमेरिकेतील न्यू जर्सीच्या ‘कॉलफोनेक्स’ या इंटरनेट-दूरध्वनी कंपनीने पुरविलेला. कंपनीकडे खाते उघडणाऱ्याने आपले नाव ‘खरकसिंग’ असे सांगितलेले, आणि खात्यातील एक भरणा, हल्ल्याच्या आदल्या दिवशी, इटलीतील ब्रेशिया शहरातून केलेला. या सर्व दुव्यांची साखळी जुळविण्यास अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागाचे साह्य घ्यावे लागले आणि त्या विभागाच्या साक्षीही मुंबईच्या विशेष न्यायालयात झाल्या.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. भारताच्या कायद्याच्या इतिहासात खरकसिंग हे नाव आधीच अजरामर झाले होते. पोलीस रात्री-अपरात्री दार ठोठावतात आणि पाळत ठेवतात, अशी तक्रार घेऊन त्या नावाचा उत्तर प्रदेशातील एक मनुष्य सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि १८ डिसेंबर १९६२ रोजी त्याच्या अर्जावर निकाल झाला होता. रात्रीच्या भेटी अवैध ठरल्या, पण खाजगीपणाचा मूलभूत हक्क बहुमताने मानला नाही. पाळतीविरुद्ध दाद मागणाऱ्या माणसाचे नाव, पुढे पाळत चुकवू पाहणाऱ्यांनी, बहुधा काहीही ठाऊक नसता, धारण करावे, हा इतिहासाचा कटू विनोद म्हणावा लागेल.

त्या तीन दिवसांत ऐकणाऱ्यांच्या वाट्यास जे आले, ते कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. सूत्रधार दूरदर्शन-वाहिन्यांवरील थेट चित्रे पाहत होते आणि बाहेर पोलिसांची हालचाल कशी चालली आहे हे आत कळवीत होते. ओलिसांना ठार मारण्याच्या आज्ञा याच संभाषणांतून दिल्या गेल्या. ऐकणाऱ्यांना त्या ऐकू येत होत्या. प्रत्येक वेळी त्या थांबविता येत नव्हत्या. तथापि हे ऐकणे व्यर्थ गेले नाही. कट कोठे शिजला, आज्ञा कोठून सुटल्या, हे जगापुढे मांडण्याचे सर्वांत बळकट साधन ही ध्वनिमुद्रणेच ठरली. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या संभाषणांचा विस्ताराने विचार केला आणि वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर कठोर टीकाही केली. राज्यसंस्थेने कधीच ऐकू नये असे म्हणणाऱ्याने ही ९९५ मिनिटे विसरता कामा नये.

परंतु या प्रकरणाचा दुसरा भाग अकरा वर्षांनंतरचा आहे, आणि तो रायपूरशी निगडित आहे. २०१६ च्या एप्रिलात ‘व्हॉट्सॲप’ने आपल्या सर्व संदेशांना आणि संभाषणांना अशी कुलपे लावली, की त्यांच्या किल्ल्या बोलणाऱ्या दोघांच्याच यंत्रांत राहाव्यात. आज रायपुरात, जेथे दूरदर्शनचे केंद्र आहे त्या शंकर नगरात, एखादी मराठी गृहिणी नागपूरच्या वा पुण्याच्या लेकीशी या मार्गाने बोलते, तेव्हा मधल्या कोणत्याही कंपनीला ते बोलणे कळत नाही. मधोमध ऑपरेटर नाही, आणि ज्या केंद्रांतून त्या पुड्या जातात, तेथे हुकूम दाखविला तरी हाती येते ते कुलुपबंद गाठोडे. म्हणून ऐकू इच्छिणाऱ्याने वाट सोडली आणि तो थेट घरात शिरला. घर म्हणजे येथे खिशातला दूरध्वनी. बोललेला शब्द कुलुपात जाण्यापूर्वी आणि कुलुपातून बाहेर आल्यावर तेथे उघडाच असतो.

२०१९ च्या शरद ऋतूत, अवघ्या चौदा दिवसांत, तीन घटना घडल्या. त्या एकत्र ठेवल्या म्हणजे सारा प्रश्न स्पष्ट होतो.

पहिली मुंबईत, २२ ऑक्टोबरला. लाचेच्या आरोपातील एका व्यावसायिकाचे दूरध्वनी ऐकण्यासाठी गृह मंत्रालयाने काढलेले तीन हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काहीही सिद्ध होत नाही, असे सांगून न्यायालयाने ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास फर्माविले. येथे हुकूम होता, त्यावर सही होती. म्हणूनच तो तपासता आला आणि चुकीचा ठरविता आला.

दुसरी घटना २९ ऑक्टोबरची. ‘एनएसओ’ या इस्रायली कंपनीविरुद्ध व्हॉट्सॲपने कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा लावला. त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत या कंपनीचे ‘पेगॅसस’ हे हेरयंत्र, व्हॉट्सॲपच्या संभाषण-सोयीतील एका छिद्रातून, सुमारे १४०० दूरध्वनींत सोडले गेले, असे त्याचे म्हणणे होते. केवळ कॉल येणे पुरेसे होते. तो घेतलाही नाही तरी यंत्र आत शिरे. इंटरनेटवरून बोलण्याचे साधनच ऐकणाऱ्याचे दार झाले होते. ज्यांना सावधगिरीच्या सूचना मिळाल्या, त्या भारतीयांत आनंद तेलतुंबडे आणि नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. आणि बेला भाटिया, शालिनी गेरा, आलोक शुक्ला यांच्यासारखे छत्तीसगडात काम करणारे वकील आणि कार्यकर्तेही होते. आपण हे यंत्र केवळ सरकारांना विकतो, असे ती कंपनी सांगते. कोणत्या सरकारने, कोणत्या कलमाखाली, कोणाच्या सहीने हे ऐकले, याचा हुकूम कोणी दाखविला नाही. छत्तीसगड शासनाने नोव्हेंबरात चौकशी समिती नेमली.

तिसरी घटना ४ नोव्हेंबरची, आणि ती पूर्णपणे रायपूरची. २०१५ च्या फेब्रुवारीत नागरी पुरवठा महामंडळावर पडलेल्या धाडींच्या प्रकरणात, बेकायदा टॅपिंग केल्याचा आरोप २०१९ साली राज्यातील वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांवर ठेवण्यात आला होता. त्यांपैकी एक अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेला. आता आपलेच आणि आपल्या कुटुंबीयांचे दूरध्वनी ऐकले जात आहेत, ही त्याची तक्रार होती. कोणालाच खाजगीपणा उरलेला नाही, असा उद्वेग न्यायालयाने व्यक्त केला आणि हुकूम कोणी दिला, याचे उत्तर राज्य शासनाकडे मागितले. त्या खटल्याच्या गुणदोषांशी येथे कर्तव्य नाही. ज्याच्या हाती ऐकण्याचे यंत्र असते, तोही सत्तेची खुर्ची हलताच त्याच यंत्राच्या टप्प्यात येतो, एवढाच त्याचा बोध.

या तीन घटनांत मध्यवर्ती फरक यंत्राचा नाही, सहीचा आहे. मुंबईत सही होती आणि ती न्यायालयाने वाचली. रायपूरच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात न्यायालयाने ‘सही कोणाची’ असे विचारले. पेगॅससच्या प्रकरणात सही कधी दिसलीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. तिने तपासलेल्या २९ दूरध्वनींपैकी पाचांत घातक प्रणाली आढळली, परंतु ती पेगॅससच होती असे निश्चितपणे सांगता आले नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असे २०२२ च्या ऑगस्टात सरन्यायाधीशांनी न्यायालयातच सांगितले. कॅलिफोर्नियात मात्र २०२४ च्या अखेरीस ती कंपनी जबाबदार ठरली. २०२५ च्या मे महिन्यात तेथील ज्युरींनी तिला सोळा कोटी डॉलरांहून अधिक दंडात्मक भरपाई ठोठावली. ऑक्टोबरात न्यायाधीशांनी ती पुष्कळ कमी केली, पण व्हॉट्सॲपवर हल्ला करण्यास कंपनीला कायमची मनाई केली.

दरम्यान आपल्या देशात दोन महत्त्वाचे फेरबदल झाले आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले आणि खरकसिंगाच्या निकालातील उलटा भाग पुसून टाकला. १८८५ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला, आणि संभाषण टिपण्याविषयीचे नवे नियम ६ डिसेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. हुकूम गृहसचिवाचा, मुदत दोन महिन्यांची, तपासणी सचिवांच्या समितीची, हा १९९६ चा सांगाडा त्यांतही राहिला आहे. मात्र त्या समितीत न्यायाधीश नाही. हुकूम देणारे आणि तपासणारे एकाच शासनाचे अधिकारी असतात. आणि ज्याचे बोलणे ऐकले गेले, त्याला ते पुढेही कळविण्याची तरतूद नाही.

जुन्या काळी ऐकण्यावर जो आळा होता, तो अंशतः कायद्याचा आणि अंशतः कचेरीचा होता. ऐकणाऱ्याला कोणापुढे तरी उभे राहावे लागे, कागद दाखवावा लागे, एका अनोळखी कारकुनाच्या नजरेखालून जावे लागे. यंत्रविद्येने ती कचेरी पुसून टाकली. ती यंत्रविद्येने परत येणार नाही. कुलपे जितकी बळकट होतील, तितके घरात शिरण्याचे उपायही सूक्ष्म होतील. ती परत आणावयाची तर कायद्यानेच आणली पाहिजे. हुकूम देणाऱ्याहून तपासणारा निराळा असावा, आणि शोध संपल्यावर निरपराध ठरलेल्या माणसाला, तुझे बोलणे अमुक कारणासाठी ऐकले होते, एवढे तरी सांगितले जावे, या त्या नव्या कचेरीच्या पहिल्या दोन पायऱ्या होत.

शंकर नगरातील त्या गृहिणीला या सगळ्याची गरज काय, असे कोणी विचारील. तिच्या बोलण्यात लपविण्यासारखे काय असते? आजारपण, मुलांच्या परीक्षा, सणावाराची तयारी, क्वचित एखादे दुःख. परंतु खाजगी बोलणे हे लपविण्यासारखे असते म्हणून खाजगी नसते. ते त्या दोघींचे असते म्हणून खाजगी असते. उद्या २६ नोव्हेंबरसारखी रात्र पुन्हा आलीच, तर राज्यसंस्थेने अवश्य ऐकावे, आणि ती ऐकते यावर लोकांचा विश्वास असावा. तो विश्वास टिकण्यासाठीच, इतर सर्व दिवशी, ऐकणाऱ्याने आपले नाव लिहून ठेवले पाहिजे. मसलत षट्कर्णी झाली, तर ते तिसरे कान कोणाचे होते, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला असावा; आणि त्याचे उत्तर कोठे तरी लिहिलेले सापडावे.